सरांचा कावळा

भिंगारदेवे सर वर्गात शिरले की आधी खिडकीतून बाहेर डोकावायचे. कुणी ऐकत नाही ना, याची खात्री करून घेतल्यासारखं करायचे आणि मग मुलांकडे वळून हळूच म्हणायचे, "पोरांनो, आत्ताच जंगलातून बातमी आलीय." एवढ्यावर वर्ग चिडीचूप. पलीकडच्या वर्गात मी व्याकरण शिकवत असायची. दोन वर्गांच्या मधे भिंत नव्हती, तरटाचा पडदा होता, त्यामुळे माझाही वर्ग चिडीचूप व्हायचा. पहिले काही महिने मी चिडत होते. नंतर मीच खडू खाली ठेवून ऐकायला लागले.

शाळा वडूजच्या पलीकडच्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि त्यातली बरीचशी चांगली आहेत. मी कराडजवळच्या मलकापूरची. आमच्याकडे उसाला पाणी, विहिरीवर इंजिन, घरातला एक भाऊ मिलिटरीत. या कोरड्या मुलखात नोकरीला आले तेव्हा आई रडली होती. गावात हायस्कूल नवीन निघालं होतं आणि गावच्या संस्थेला बी.एड. झालेली माणसं मिळत नव्हती. म्हणून बाहेरगावची मी चालले, आणि म्हणूनच भिंगारदेवे सरही चालले. ते त्याच गावचे, ओढ्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतले. वस्तीतला पहिला पदवीधर. गावाला त्याचा अभिमान होता आणि गाव तो वारंवार बोलून दाखवायचं. "आमीच सरास्नी नोकरी दिली," हे वाक्य मी त्या गावात किती तोंडांतून ऐकलं असेल.

सर दिसायला किडकिडीत. पांढरी विजार, पांढरा सदरा, दोन्ही घरी धुतलेले पण कडक इस्त्रीचे. आवाज मात्र सहा जणांना पुरेल एवढा. हत्ती बोलायला लागला की टेबल थरथरायचं आणि बगळा बोलायला लागला की सर एका पायावर उभे राहायचे. त्यांच्या गोष्टी जुन्याच होत्या, आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेल्या. पण त्यांच्या जंगलात पंचायत समिती होती, रेशनचं दुकान होतं आणि एस.टी. होती. ससा-कासवाची शर्यत त्यांनी वडूज ते दहिवडी लावली होती. ससा हुशार, त्यानं एस.टी. धरली. कासव आपलं चालत निघालं. वाटेत गाडी बंद पडली. कंडक्टर म्हणाला, उतरा खाली, धक्का मारा. ससा उतरला आणि धक्का मारायला लागला. मागून कासव आलं. "काय सशेराव, कुठं?" "दहिवडीला." "मग जावा की. ही गाडी कशाला ढकलत नेताय बरोबर?"

पोरं बाकावरून खाली पडायची. सर स्वतः कधी हसत नसत. डस्टर उचलून फळा पुसायचे आणि पुस्तक उघडायचे.

गोष्टीला तात्पर्य सांगायचं नाही, हा त्यांचा हट्ट होता. आमचे हेडमास्तर जुन्या वळणाचे, त्यांना हे सोसत नसे. एकदा शाळा तपासायला साहेब आले, तर सरांनी निळ्या कोल्ह्याची गोष्ट काढली. रंगाऱ्याच्या पिंपात पडून निळा झालेला कोल्हा. त्याला जनावरांनी सभापती केलं, हार घातले, खुर्ची दिली. जुन्या गोष्टीत पुढं काय होतं ते ठाऊकच आहे: लांबून कोल्हेकुई ऐकू येते, याला राहवत नाही, हा ओरडतो आणि मार खातो. सरांचा कोल्हा ओरडत नव्हता. कोल्हेकुई सुरू झाली की तो तोंडात रुमाल कोंबून बसायचा. डोळ्यांतून पाणी यायचं. जनावरं म्हणायची, साहेबांना सर्दी फार. कुणी काढा आणून द्यायचं, कुणी अमृतांजन. सर एका हातानं तोंड दाबून असे काही बसले होते की तपासणीस साहेबांना ठसका लागला. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "बरं, मुलांनो, यावरून तात्पर्य काय?"

"तात्पर्य मुलं घरी नेऊन लावतात, साहेब," सर म्हणाले.

साहेब गेल्यावर हेडमास्तरांनी त्यांना ऑफिसात बोलावलं. मी हजेरीपुस्तकं ठेवायला तिथंच होते. "भिंगारदेवे, तात्पर्य सांगत चला," हेडमास्तर म्हणाले. "तुम्ही सांगितलं नाही तर ज्याला जे पाहिजे ते तो घेऊन जाईल."

"घेऊन जाऊ दे की, सर. त्यासाठीच तर गोष्ट."

मला त्या कोल्ह्याचं कुतूहल वाटलं होतं. मधल्या सुट्टीत मी म्हटलं, "सर, त्याला ओरडायला द्यायचं होतं ना एकदा. बिचारा." सर शेंगा सोलत होते. आमच्या स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, त्याच्यापासून सगळ्यात लांबची खुर्ची सरांची. पाणी ते घरून बाटलीतून आणायचे. त्यांना कुणी तसं सांगितलेलं नव्हतं आणि माठातलं घ्या असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. "ओरडला असता तर नोकरी गेली असती, बाई," ते म्हणाले. "आणि आठवण तर येणारच. आपल्या माणसांचा आवाज तो."

जनावरांच्याच गोष्टी का सांगता, असंही मी एकदा विचारलं होतं. गावात मेलेलं जनावर ओढून न्यायचं काम पूर्वी त्यांच्या घराकडं होतं. छप्पन साली वस्तीनं धम्म स्वीकारला आणि हे काम सोडलं. वडिलांनी सोडलं तेव्हा सर शाळेत होते. "आमच्या दाराशी जनावर यायचं ते मेल्यावरच," ते म्हणाले. "बैल जिवंत असताना कसा चालतो, कसा मान हलवतो, हे मला लांबून बघायला लागायचं. मग मी घरी येऊन आईला त्याची नक्कल करून दाखवायचो. तिथून सुरू झालं हे." एवढं बोलून त्यांनी शेंगांची टरफलं कागदात गोळा केली आणि तास घ्यायला गेले.

त्यांच्या आईचं नाव भागूबाई. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते विहिरीवर. माझी खोली गावविहिरीच्या वाटेवर होती. विहिरीच्या काठापासून थोडं लांब, चिंचेखाली, वस्तीतल्या बाया घागरी मांडून बसलेल्या असायच्या. काठाला त्यांनी शिवायचं नाही. गावातली कुणी पाणी शेंदायला आली की या हाक मारणार, "वयनी, वाईच वता की," आणि तिला वाटलं तर ती यांच्या घागरीत वरून पाणी ओतणार. मी मलकापूरची, आमच्याकडे असं काही नव्हतं असं म्हणायची माझी टाप नाही. आमच्याकडे विहिरी पुष्कळ होत्या, त्यामुळे ते दिसत नव्हतं इतकंच.

बहात्तरच्या दुष्काळात ते अगदी समोर येऊन उभं राहिलं. विहिरीचा तळ दिसायला लागला. लोक रेशनवरच्या मिलोच्या, त्या परदेशी ज्वारीच्या, लाल भाकरी खायचे आणि दिवसभर खडी फोडायला जायचे. गावातल्या बायकाच आपल्या घागरीसाठी भांडत होत्या, तिथं चिंचेखालच्यांना वाढायला कुणाला सवड असणार? भागूबाई सकाळी घागर घेऊन बसायची ती उन्हं डोक्यावर आली तरी बसलेलीच. शाळेत जाताना सर त्याच वाटेनं जायचे. आई दिसली की पाऊल जरा मंद व्हायचं आणि मग एकदम भरभर चालायला लागायचे. मी मागून जात असले की मला ते बघवायचं नाही.

वस्तीत सुखदेव म्हणून त्यांचा पुतण्या होता, तापट, खडीच्या कामावरचा गडी. त्याचं म्हणणं, आपण सगळ्यांनी मिळून जायचं आणि पोहरा टाकायचा, कायदा आपल्या बाजूनं आहे. तो एकदा शाळेच्या फाटकापाशी आला आणि सरांशी भांडला. "तात्या, तुमी सर हाय. तुमी पुढं व्हा. आमी मागनं येतो."

"आणि मग?" सर म्हणाले. "त्या दिवशी पाणी काढशील. दुसऱ्या दिवशी आयेला कोण सोबत करणार? वस्तीतली पोरं शाळेत कुठनं जाणार? मला सव्वीस जानेवारीपर्यंत वेळ दे. मी बघतो."

"काय बघताय? गोष्ट सांगणार व्हय?"

"व्हय. गोष्टच सांगणार."

सुखदेव थुंकून निघून गेला. पण त्यानं पोरांना थांबवलं, हे मला नंतर कळलं. सरांच्या शब्दाला वस्तीत एवढी किंमत होती.

त्या दिवसांत सर माझ्याशी पहिल्यांदाच मोकळेपणानं बोलले. भांडून मिळालेलं पाणी टिकत नाही असं त्यांना मनापासून वाटत होतं. माणूस हसता हसता स्वतःकडं बघतो, त्याला स्वतःची लाज वाटते, मग तो सुधारतो. ती सुधारणा टिकते. "मला दुसरं काही नको, बाई," ते म्हणाले. "आये काठावर जाईल आणि स्वतःच्या हातानं पोहरा आत सोडेल. एवढं मला एकदा बघायचंय." बोलताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मला भीती वाटली, पण माझ्याकडं दुसरा उपाय कुठं होता?

सव्वीस जानेवारीला सगळं गाव शाळेच्या पटांगणात यायचं. झेंडा व्हायचा, मुलांच्या कवायती व्हायच्या, आणि मग लोकांच्या आग्रहानं भिंगारदेवे सरांची एक गोष्ट. पुढच्या रांगेत खुर्च्यांवर आबा आणि पंच मंडळी. आबा म्हणजे गावचे सरपंच, आमच्या संस्थेचेही अध्यक्ष. पागोटं, पांढऱ्या मिशा, आवाज मऊ. दुष्काळात त्यांनी स्वतःच्या घरातली ज्वारी वाटली होती, हे सांगितलं पाहिजे. वस्तीतलीही माणसं आली होती, नेहमीप्रमाणे कडेला, बाभळीखाली. भागूबाई त्यांच्यात होती.

"एका जंगलात दुष्काळ पडला," सरांनी सुरुवात केली. "आपल्याकडं नाही, जंगलात." लगेच हशा.

"एक कावळा तहानेनं व्याकुळ झाला. उडत उडत आला. बघतो तर झाडाखाली मडकं. आता पुस्तकात लिहिलंय की पाणी तळाला होतं आणि चोच पोचत नव्हती. पोरांनो, पुस्तक लिहिणारा जंगलात गेला नव्हता. पाणी गळ्यापर्यंत होतं. कावळ्यानं मान खाली घातली, तेवढ्यात वरनं घुबड ओरडलं, ए, लांब हो! मडकं आमचं हाय! कावळा म्हणाला, बरं बाबा, मग तुमी वता, मी खाली चोच धरतो. घुबड म्हणालं, आत्ता न्हाई, आमची मीटिंग हाय."

मग एकेक जनावर तिथून जायला लागलं. हत्ती म्हणाला, माझी काय हरकत न्हाई रं, पण माझ्या एकट्याच्या हातात हाय का? बगळा एका पायावर उभा राहून म्हणाला, मी दिलं असतं, खरं घरात म्हातारी माणसं हायेत. मोर म्हणाला, मी असलं काय मानत न्हाई, पण लोक मानत्यात. कोल्हा म्हणाला, अर्ज दे. प्रत्येक जनावराला गावातल्या कुणा ना कुणाचा आवाज होता, आणि प्रत्येक जण शेजारच्याला कोपर मारून हसत होता. आबांच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. मी बाभळीकडं बघितलं. तिथंही हसत होते. सुखदेव मात्र सरांकडं टक लावून बघत होता.

"कावळ्यानं विचार केला. मडक्याला शिवायची बंदी. पण खडे टाकायला बंदी न्हाई. आणि खडी तर मायंदाळ, दुष्काळी काम चालूच हाय. त्यानं एक खडा टाकला. दुसरा टाकला. टाकता टाकता मडकं काठोकाठ भरलं, पाणी भायेर सांडलं. कावळा जमिनीवर उतरला आणि त्या चिखलातलं पाणी प्याला." इथं सर खाली वाकले आणि मान वाकडी करून त्यांनी जमिनीवरचं पाणी प्यायल्याचं केलं. बराच वेळ केलं. हशा थोडा कमी झाला. "सगळं जंगल टाळ्या वाजवायला लागलं. काय डोकं! काय अक्कल! ठराव पास झाला. कावळा हुशार हाय, त्याचा धडा पुस्तकात घाला. मडक्याचं काय करायचं, ते कुणी विचारलं न्हाई. संपली गोष्ट."

नेहमीसारखंच तात्पर्य न सांगता सर खाली उतरले. क्षणभर कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, लागलं. मग आबा उठले, हळूहळू सरांपाशी गेले आणि त्यांनी दोन्ही हातांनी सरांचे खांदे धरले. "सर," ते म्हणाले, "आमास्नी समजलं. तुमी काय म्हणताय ते समजलं. लय दिवस आमी आंधळं होतो." त्यांचा आवाज खरंच भरून आला होता. सगळ्या पटांगणानं टाळ्या वाजवल्या. सरांनी बाभळीकडं बघितलं, आपल्या आईकडं. त्यांना तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात विहिरीवर गवंडी आले. आबांनी पदरचं सिमेंट दिलं. काठापासून चिंचेच्या बाजूला एक दगडी पन्हळ बांधली आणि तिच्या टोकाला हौद. गावात दवंडी फिरली की इथून पुढं प्रत्येक घरानं आपली पहिली घागर पन्हळीत ओतायची, आणि शेंदताना सांडेल तेही पन्हळीतच जायला हवं. ओढ्यापलीकडच्यांनी हौदातनं पाहिजे तेव्हा पाणी न्यावं, कुणाला हाक मारायची गरज नाही.

आबांना खरोखर वाटत होतं की सरांनी हेच मागितलं. कावळा सांडलेलं पाणी प्याला होता. सांडलेलं पाणी नीट, स्वच्छ, दगडी हौदात मिळावं, यापेक्षा कावळ्याला आणखी काय पाहिजे? आणि त्या दुष्काळात स्वतःच्या तोंडची पहिली घागर ओतायची म्हणजे चेष्टा नव्हती. गावानं ती ओतली. मी रोज बघत होते. कुणी कुरकुर केली तर दुसरी तिला दटावायची, "ओत गं, सरांचा हौद हाय." हौदाला नाव तेच पडलं, सरांचा हौद. मला इतका राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. एकही माणूस वाईट वागत नव्हता.

हौदाच्या उद्घाटनाला आबांनी नारळ सरांच्या हातात दिला. सर नारळ हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, आता बोलतील, आता तरी सांगतील की गोष्टीचा अर्थ हा नव्हता. ते काही बोलायच्या आत भागूबाईनं घागर हौदात बुडवली, भरून वर काढली आणि डोक्यावरचा पदर सारखा करून आबांना वाकून नमस्कार केला. "लय उपकार झालं, आबा," ती म्हणाली. "लेकरानं माज्या शब्द टाकला, तुमी तो ठिवला." मग लेकाकडं बघून ती हसली. सरांनी नारळ फोडला.

सुखदेव कार्यक्रमाला आला नव्हता. तो संध्याकाळी शाळेपाशी आला. मी आणि सर बाहेर पडत होतो. तो ओरडला नाही, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. "तात्या," तो म्हणाला, "हक मागायला गेला आन् हौद घिऊन आला. आता आमाला काय तोंड राह्यलं? आता काठावर गेलो तर गाव म्हणणार, एवढं केलं तरी ह्यांचं पोट भरंना."

"मी हौद मागितला नव्हता रे."

"मग काय मागितलं ते सांगायचं हुतं की."

दुसऱ्या दिवशी सर आबांकडं जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितलं: आबांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्यांचा चेहरा उतरला, आणि ते म्हणाले, "सर, गावानं पयली घागर दिली, आता इहीर बी मागताय व्हय?" आबा दुखावले होते. बातमी गावात फिरली आणि काही दिवस हौद कोरडा राहिला. वस्तीतल्या बायाच मग भागूबाईला म्हणाल्या, तुझ्या लेकाला सांग, गप ऱ्हा म्हणावं. भागूबाईनं सांगितलं. सर गप्प राहिले. हौदात पुन्हा पाणी आलं.

त्यानंतर जंगलातून बातमी आली नाही. मुलं वाट बघायची, खिडकीकडं बघायची, शेवटी धीर करून म्हणायची, "सर, बातमी?" सर म्हणायचे, "पुस्तक काढा." पुस्तकातली गोष्ट ते पुस्तकाच्या शब्दांत वाचायचे आणि शेवटी फळ्यावर मोठ्या अक्षरांत तात्पर्य लिहून द्यायचे. मुलांकडून ते पाठ करून घ्यायचे. पडद्याच्या या बाजूला मला त्यांचा तो एकसुरी आवाज ऐकू यायचा आणि माझं शिकवण्यावरचं लक्ष उडायचं. हेडमास्तर खूश होते. जूनमध्ये सरांनी सांगलीच्या एका शाळेत नोकरी धरली. आई त्यांच्याबरोबर गेली नाही. इथं आता हौद आहे, मी कशाला येऊ, असं म्हणाली.

मी त्या गावात आणखी काही वर्षं काढली. आणीबाणी येऊन गेली, निवडणुका झाल्या. गावात नळयोजना येणार येणार म्हणून पुढारी सांगत होते, आणि भागूबाई हौदावरनं पाणी नेत होती. मग तिचे गुडघे गेले आणि सर येऊन तिला घेऊन गेले, असं ऐकलं. सुखदेव मुंबईला गेला.

परीक्षेच्या कामासाठी सांगलीला जायचा योग आला, तेव्हा मी पत्ता काढून सरांच्या घरी गेले. जुनी चाळ, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढं गॅलरी, खाली चौकात सगळ्यांचा मिळून एक नळ. सकाळची पाण्याची वेळ होती. सर ओळखू येत नव्हते इतके वाळले होते. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यांना आनंद झाला, चहाचं आधण ठेवलं, शाळेची, हेडमास्तरांची चौकशी केली. गोष्टींचा विषय त्यांनी काढला नाही आणि मलाही तो काढवला नाही.

"आई कुठंयत?" मी विचारलं.

त्यांनी मानेनंच गॅलरीकडं दाखवलं. मी कठड्याशी गेले. खाली नळावर बायकांची गर्दी होती. भागूबाई नळापासून बरीच लांब, भिंतीला टेकून उभी होती. घागर पायाशी. रांगेत तिचा नंबर येऊन गेला होता, मागच्या बाया पुढं सरकत होत्या. "आये, पुढं हो की," सरांनी वरून हाक मारली. तिनं वर बघितलं, हात हलवला आणि तिथंच उभी राहिली. शेवटी एका तरुण बाईचं तिच्याकडं लक्ष गेलं. म्हातारं माणूस, गुडघे दुखत असतील, असं तिला वाटलं असणार. ती येऊन घागर घेऊन गेली, भरून आणली, वर जिना चढून दारापर्यंत पोचवली. "मावशी, उद्यापासून मीच देत जाईन हं," असं हसून म्हणाली आणि गेली.

भागूबाई मागून कठडा धरत वर आली. तिनं मला ओळखलं, माझ्या गालांवरून हात फिरवला. "बाई, हितली माणसं लय चांगली," ती कौतुकानं म्हणाली. "हाक बी माराय लागत न्हाई. आपसूक वाढत्यात."

सरांनी चहाचा कप माझ्या हातात दिला. मग घागर उचलली, मोरीपाशी नेली आणि सगळीच्या सगळी ओतून टाकली. भागूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. दुष्काळ बघितलेली बाई ती. "आरं, पानी वततूस?" ती कशीबशी म्हणाली. "याड लागलं का काय तुला?"

"चल, आये. आता तू भर."

त्यांनी तिचा हात धरला आणि तिला पुन्हा जिन्यावरनं खाली नेलं, एकेक पायरी, तिच्या चालीनं. मी कप तसाच धरून कठड्याशी आले. बायकांनी बाजूला होऊन वाट दिली. सरांनी घागर नळाशेजारी फरशीवर ठेवली, सरळ उभे राहिले आणि दोन्ही हात पाठीमागं बांधले. भागूबाई नळासमोर उभी. एकदा नळाकडं बघायची, एकदा बायकांच्या तोंडाकडं, आणि मग लेकाकडं. ती मघाची तरुण बाई कळवळून पुढं झाली. "नको, ताई," सर म्हणाले. "राहू दे."

भागूबाईचा हात उठला. नळाच्या जवळ गेला आणि पदरात परत गेला. पुन्हा उठला. मागून कुणीतरी म्हणालं, आवरा की हो, आमाला बी भरायचंय. सर जागचे हलले नाहीत. त्यांच्या पाठीमागे एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरलेलं मला वरून दिसत होतं. असा किती वेळ गेला कुणास ठाऊक. शेजारच्या बाईनं वैतागून नळ सोडला. नळातून नुसती हवा आली, दोन थेंब आले आणि तेही थांबले. पाण्याची वेळ संपली होती. बायका बडबडत आपापल्या घागरी उचलून पांगल्या.

चौकात दोघंच राहिली, मधे रिकामी घागर.

"गेलं की रं पानी," भागूबाई म्हणाली.

"उद्या येतंय की," सर म्हणाले. "उद्या भर."